गावातली जुनी सहकारी बँक आणि वडिलांच्या ठेवी : काढायच्या की ठेवायच्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीचे जवळपास १८ लाख त्यांनी गावातल्या साठ वर्षं जुन्या नागरी सहकारी बँकेत ठेवले आहेत. तुम्ही पुण्यात नोकरी करता. पीएमसी, रुपी, न्यू इंडिया या अडचणीत आलेल्या सहकारी बँकांच्या बातम्या वाचून 'सगळे पैसे काढा आणि सरकारी बँकेत टाका' असं तुम्ही सांगता. वडील म्हणतात, 'ती आपली बँक आहे, मी तिथला सभासद आहे.' त्यातच एका मल्टिस्टेट पतसंस्थेचा माणूस घरी येऊन दीड टक्का जास्त व्याज देऊ करतोय. घरात यावरून कुरबुर सुरू आहे आणि तुम्हाला हवंय एक सरळ उत्तर.

माझी सगळी नोकरी नागरी सहकारी बँकेत गेली. आधी शाखेत, मग कर्ज विभागात आणि शेवटची वर्षं अंतर्गत तपासणीत. त्या अनुभवावरून सांगतो की 'सहकारी की सरकारी' हा तुमचा खरा प्रश्न नाही. या एका बँकेत, कोणाच्या नावावर, किती रक्कम ठेवावी आणि ती बँक ठीक चालली आहे की नाही हे घरबसल्या कसं ओळखावं, हा खरा प्रश्न आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर बँकेचे आकडे पाहिल्याशिवाय कोणीच देऊ शकणार नाही. पहिल्या भागाचं मात्र बऱ्यापैकी नेमकं देता येतं.

आधी मल्टिस्टेटचा विषय संपवतो, कारण त्यात परिस्थितीनुसार बदलणारं काही नाही. पतसंस्था, मग ती राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असो किंवा २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली, बँक नसते. तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिच्यातल्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे ठेव विमा महामंडळाचा विमा नसतो. चांगल्या चाललेल्या पतसंस्था मी पाहिल्या आहेत. पगारदार नोकरांच्या काही संस्था तर आदर्श म्हणाव्यात अशा आहेत. पण निवृत्तीचा पैसा आणि अनोळखी माणसानं घरी येऊन सांगितलेला जादा दर, ही जोडी मला कधीच मान्य नाही. एक खुलासा इथेच करतो. काही मोठ्या नागरी बँकांची नोंदणीही बहुराज्य कायद्याखाली आहे आणि त्या रीतसर बँका आहेत. त्यामुळे नोंदणी कुठली आहे यापेक्षा रिझर्व्ह बँकेचा परवाना आणि ठेव विमा आहे का, हे विचारा. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर असते. वडिलांच्या बँकेचं नाव त्यात शोधायला पाच मिनिटं लागतील.

आता वडिलांच्या 'आपली बँक' या म्हणण्याकडे येतो. ते नुसत्या भावनेनं बोलत नाहीत. १८७५ मध्ये सुप्यात आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्या दख्खनच्या दंग्यांनंतर कर्जाचा प्रश्न सरकारदरबारी गाजत राहिला. पण शहरांतल्या आणि बाजारगावांतल्या कारकून, शिक्षक, विणकर, छोट्या व्यापाऱ्यांनाही सावकाराशिवाय दुसरं दार नव्हतं. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकारानं 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू झाली. आपापसात पैसा जमवायचा आणि आपापसातच कर्जाऊ द्यायचा, एवढीच तिची कल्पना. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला आणि दोन वर्षांत मुंबई इलाख्यात अशा संस्था उभ्या राहू लागल्या. १९०६ च्या पहिल्या काही महिन्यांत पुण्यात कॉसमॉस निघाली, गोकाक आणि बेळगावात संस्था निघाल्या आणि आजच्या सिंधुदुर्गातल्या कणकवली आणि वरवड्यासारख्या ठिकाणीही निघाल्या. वरवड्याची तर विणकरांची होती. कणकवलीत तेव्हा कुठली मोठी बँक येणार होती? लोकांनी आपली आपण केली.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की तुमच्या गावच्या बँकेची ताकद आणि तिचा धोका दोन्ही याच एका गोष्टीतून येतात : कर्ज देणारे आणि घेणारे एकमेकांना ओळखतात. सोमवारच्या बाजारात कोणाचं दुकान खरंच चालतं, कोणी जमीन विकायला काढली आहे, कोणाचा मुलगा हाताशी आलाय, हे शाखाधिकाऱ्याला कागद न पाहता माहीत असतं. ज्याच्याकडे प्राप्तिकराचं विवरणपत्र नाही, पण वीस वर्षं पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, एकदाही चुकलेली नाही, अशा भांडी दुकानदाराला मोठी बँक दारात उभं करत नाही. आम्ही अशांना कर्ज दिलं आणि त्यांनी फेडलं. पण तीच ओळख संचालकाच्या मेव्हण्याच्या किंवा गावातल्या बड्या असामीच्या उपयोगी पडते, तेव्हा तारण कमी, जामीनदार नावापुरते आणि वसुलीला जायला कोणी तयार नाही, अशी अवस्था येते. बुडालेल्या बहुतेक छोट्या बँकांच्या मुळाशी तुम्हाला याचंच काही ना काही रूप सापडेल. पीएमसीत कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे होता, ही त्याची मोठी आवृत्ती.

नियमांनी हा धोका कमी करण्याचा प्रयत्न केला आहे. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला. तेव्हापासून व्यवहारावर रिझर्व्ह बँक आणि निवडणूक-नोंदणीवर सहकार खातं असा दुहेरी कारभार चालत आला. या दोघांच्या मधल्या फटीत बऱ्याच गोष्टी सुटल्या. १९९३ नंतर परवाने सढळ हातानं दिले गेले. त्यातल्या पुष्कळ बँका लवकरच दुबळ्या झाल्या आणि २००४ मध्ये नवे परवाने थांबले. त्या वर्षी मार्चअखेर देशात १,९२६ नागरी बँका होत्या. २०२४ च्या मार्चअखेर १,४७२ उरल्या. विलीनीकरणं आणि परवाना रद्द होणं, दोन्ही मिळून हा फरक आहे. २००३ पासून संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना, किरकोळ अपवाद वगळता, कर्ज देण्यावर बंदी आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनं रिझर्व्ह बँकेला व्यवस्थापनावर थेट कारवाईचे बरेच अधिकार मिळाले. म्हणजे आजची नागरी बँक वीस वर्षांपूर्वीच्यापेक्षा जास्त देखरेखीखाली आहे. याचा अर्थ ती बुडणारच नाही असा मात्र होत नाही.

म्हणून ठेव विमा. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपये होती. सहकारी बँका त्यात नंतर आल्या. १९९३ पासून एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख, अशी ती वाढत गेली. हा विमा सहकारी बँकेला आणि सरकारी बँकेला सारखाच आहे.

तुमच्या १८ लाखांचं गणित इथे बसतं, म्हणून जरा सावकाश वाचा. पाच लाखांची मर्यादा प्रत्येक पावतीला नाही, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला आहे. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली बचत, मुदत ठेव, पिग्मी, सगळं एकत्र धरतात आणि त्यात मुद्दलाबरोबर साठलेलं व्याजही येतं. वडिलांनी चार पावत्या केल्या असतील आणि चारही एकट्याच्या नावावर असतील, तर विमा फक्त पाच लाखांनाच आहे. संयुक्त खातं मात्र वेगळं धरलं जातं आणि त्यात नावांचा क्रमही महत्त्वाचा असतो. वडिलांच्या एकट्याच्या नावावर, आईच्या एकटीच्या नावावर, 'वडील व आई' अशा संयुक्त नावावर आणि 'आई व वडील' अशा उलट क्रमानं संयुक्त नावावर, हे चार वेगळे हक्क ठरतात. प्रत्येकाला पाच लाखांचं स्वतंत्र संरक्षण मिळतं.

कागदावर असं करून वीस लाख सुरक्षित करता येतात. तरी मी सगळेच तिथे ठेवा असं म्हणणार नाही. प्रत्येक नावावर सव्वाचार लाखांच्या आसपास ठेवली, तर मुदतीअखेर व्याजासकट रक्कम मर्यादेत राहते. ठेवीदाराच्या नावावर त्या बँकेचं कर्ज असेल, तर विम्याची रक्कम देताना ते वजा होतं, हेही लक्षात घ्या. आईच्या नावावर पैसे वळवताना कर सल्लागाराशी एकदा बोला. पैसा वडिलांचा असेल, तर व्याज आईच्या पॅनवर दिसूनही वडिलांच्या उत्पन्नात धरावं लागू शकतं.

विमा असला तरी पैसे लगेच हातात येत नाहीत. रुपी बँकेतून पैसे काढण्यावर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. इतकी वर्षं लोक आपल्याच पैशासाठी थांबले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते, हा फार मोठा दिलासा आहे. त्यासाठी ठेवीदाराची केवायसी पूर्ण लागते, संमतीपत्र द्यावं लागतं आणि पैसे जमा व्हायला दुसऱ्या बँकेत खातं असावं लागतं. वडिलांचं दुसरीकडे कुठेच खातं नसेल, तर या आठवड्यात उघडा. पेन्शन दुसऱ्या बँकेत येत असेल तर उत्तमच. घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे या गावच्या बँकेबाहेर असावेत, हा माझा आग्रह आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात : मल्टिस्टेटच्या वाटेला जाऊ नका, या बँकेत प्रत्येक नावावर विम्याच्या आत रक्कम ठेवा, उरलेले एखाद्या सरकारी बँकेत किंवा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवा. आणि हे सगळं पावत्या मुदत संपून परत येतील तसं करा. मुदतीआधी मोडून व्याज घालवण्याची घाई, पुढे सांगतो ती लक्षणं दिसली तरच करा.

तर लक्षणं. वडील सभासद आहेत, म्हणजे बँकेचा वार्षिक अहवाल त्यांना मिळतो. बहुतेक घरांत तो रद्दीत जातो. मागचे तीन वर्षांचे अहवाल शोधा, नसतील तर शाखेतून मागून घ्या. पहिल्या पानावरचा अध्यक्षांचा फोटो आणि 'सभासदांना लाभांश' हे सोडून द्या. मी तपासणीला बसलो की नफ्याचा आकडा शेवटी बघायचो, कारण नफा एका वर्षापुरता दाखवायला फारशी मेहनत लागत नाही.

पहिली नजर निव्वळ एनपीएवर. अपेक्षित बुडीतासाठी तरतूद करून झाल्यावर एकूण कर्जाच्या किती टक्के कर्जं थकलेली उरतात, ते हा आकडा सांगतो. रिझर्व्ह बँक चांगल्या बँकेच्या निकषांत तो ३ टक्क्यांच्या आत धरते. एका वर्षी साडेतीन झाला म्हणून घाबरू नका. तीन वर्षं सतत चढत असेल, तर मात्र गंभीर व्हा. दुसरी नजर भांडवल पर्याप्ततेवर, म्हणजे जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल किती टक्के आहे त्यावर. अहवालात 'सीआरएआर' लिहिलेलं असतं. २०२२ च्या चौकटीनुसार १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या लहान बँकांना किमान ९ टक्के आणि त्याहून मोठ्यांना १२ टक्के लागतात. काठावर असलेली बँक एखाद्या मोठ्या थकबाकीनं घसरते. पंधरा-सोळाच्या पुढे असलेल्या बँकेला श्वास घ्यायला जागा असते. तिसरं, ठेवींच्या किती टक्के कर्ज दिलंय ते बघा. फारच जास्त असेल तर हातात रोकड कमी. फारच कमी, म्हणजे चाळीसच्या आसपास असेल, तर बँक कर्ज द्यायला घाबरते आहे किंवा गावात घेणारे उरले नाहीत. मग ती ठेवीवर चांगलं व्याज कुठून देणार?

यानंतर ताळेबंदाच्या मागची परिशिष्टं वाचा. तिथे फार कमी लोक जातात आणि खरी गोष्ट तिथेच असते. 'येणे व्याज', म्हणजे हिशेबात धरलेलं पण हातात न आलेलं व्याज, दरवर्षी फुगतंय का? 'इतर मालमत्ता' या नावाखाली काय काय घातलंय? कर्जवसुलीत ताब्यात घेतलेल्या जमिनी आणि गाळे किती वर्षं तसेच पडून आहेत? संचालक आणि नातेवाइकांकडे किती येणं आहे? लेखापरीक्षकाचा अहवाल छोट्या अक्षरांत असला तरी पूर्ण वाचा. त्यात 'मूल्यांकन झालेले नाही', 'ताळमेळ प्रलंबित' अशी वाक्यं असतील तर खूण करून ठेवा. तीन वर्षांत मुख्य कार्यकारी अधिकारी दोनदा बदलला असेल, तर का बदलला ते गावात विचारा. गावात ते बरोबर माहीत असतं.

रिझर्व्ह बँकेनं दंड केला म्हणून बँक वाईट, असं मात्र समजू नका. केवायसीची मुदत चुकली, एखादा अहवाल उशिरा गेला, यासाठी मोठ्या बँकांनाही दंड होतात. दंडाचं कारण रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात दिलेलं असतं, ते वाचा. एका कर्जदाराला मर्यादेपेक्षा जास्त कर्ज किंवा संचालकांशी संबंधित कर्ज, हे कारण असेल तर मी सावध होतो. आणि व्याजदर. गावच्या बँकेनं ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त देणं नेहमीचं आहे. आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देऊन ठेवी गोळा करायला लागली, तर तिला पैशाची निकड आहे, असं मी समजतो.

समजा हे सगळं तपासून बँक ठीक निघाली. तरी पूर्ण खातंच बंद करायचं असं तुमच्या मनात असेल, तर वडील काय गमावतील ते सांगतो, कारण पुण्यातून ते दिसत नाही. गावातल्या शाखेत त्यांना नावानं ओळखतात. सही थोडी बदलली तर परत पाठवत नाहीत, बसवून घेतात आणि नमुना सही नवी घेतात. लॉकर आहे. रात्री-बेरात्री दवाखान्याची वेळ आली, तर सकाळी बँक उघडताच सोनं तारण ठेवून तासाभरात पैसे मिळतात. बँकेनं नेमलेला सराफ तिथेच तपासून देतो. पिग्मी एजंट रोज दारात येतो. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली आणि आपल्याकडच्या सहकारी बँकांनी ती बाजारपेठेच्या गल्लीगल्लीत नेली. भाजीवाल्या बाईनं रोज वीस-पन्नास रुपये टाकून वर्षाअखेरीला मुलीची फी भरलेली मी कितीदा पाहिली आहे. असे लोक ज्या बँकेत उभे असतात, ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. आणि ती टिकण्यासाठी तुमच्या वडिलांसारख्यांच्या ठेवी लागतात.

काही बाबतींत ती कमी पडते, हेही खरं. मोबाइल ॲप बेताचं असतं, काही छोट्या बँका यूपीआयसाठी दुसऱ्या बँकेच्या आधारानं चालतात आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्व्हर अडतो. पुण्यातल्या तुमच्या घराचं मोठं कर्ज तिथून घेण्याचा विचार करू नका. बिलं, विमा, नातवंडांना पैसे पाठवणं यासाठी दुसरं खातं वापरा. एका बँकेनं सगळं करावं ही अपेक्षाच ठेवू नये.

वडिलांशी बोलताना 'बँक बुडेल' इथून सुरुवात करू नका. ते सभासद आहेत, त्यांना बँकेच्या कारभारात मत आहे आणि शेअर्स कितीही असले तरी प्रत्येकाचं मत एकच असतं. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. सभेची नोटीस येते तेव्हा प्रश्न लेखी द्यायला सांगा : निव्वळ एनपीए का वाढला, सर्वात मोठ्या वीस कर्जदारांकडे मिळून एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, ताब्यातल्या मालमत्ता कधी विकणार. बहुतेक सभांत हात वर होतात, चहा होतो आणि विषय संपतो. एक निवृत्त मुख्याध्यापक अहवाल हातात घेऊन शांतपणे तीन प्रश्न विचारतो, तेव्हा पुढच्या वर्षी संचालक तयारी करून येतात. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवलं आहे. 'आपली बँक' म्हणणाऱ्या माणसाला हे काम पटेल आणि तुमचीही काळजी त्यात येईल.

राहिले त्यांचे शेअर्स. त्यांना ठेव विमा नाही. बँक अडचणीत आली तर सर्वात आधी तेच बुडतात. लाभांश चांगला मिळतो म्हणून शेअर्समध्ये जास्त पैसा घालू नये, मतापुरते ठेवावेत. वारसाचं नामनिर्देशन ठेवींसाठी वेगळं आणि शेअर्ससाठी वेगळं करावं लागतं, आणि शेअर्सचं राहून गेलेलं मी सर्वात जास्त पाहिलं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, हिस्से ठरवून. या वेळी गावी जाल तेव्हा सगळ्या पावत्या, लॉकरचा करार आणि शेअर सर्टिफिकेट एकत्र काढा, प्रत्येकावर नामनिर्देशनाची नोंद आहे का ते पाहा, नसेल तर त्याच दिवशी शाखेत फॉर्म भरा आणि पोच घेऊन या. आणि मागच्या तीन अहवालांतले निव्वळ एनपीए, सीआरएआर आणि ठेवी-कर्जांचे आकडे इथे कळवलेत, तर या बँकेबद्दल माझं मत मी नक्की सांगेन.